मुले वाचत नाहीत, हा निकाल कोणी दिला?

मुले वाचत नाहीत, ही तक्रार आज महाविद्यालयाच्या स्टाफरूमपासून कुलगुरूंच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येते. ग्रंथालये ओस पडली, मोबाइलने पिढी बिघडवली, संशोधन म्हणजे इकडचे उचलून तिकडे चिकटवणे झाले, असे सर्रास बोलले जाते. हे बोलणे आमच्या मुलांपर्यंत आले की त्याला आणखी एक शेपूट लागते. राखीव जागेवर आलेले, शिष्यवृत्तीसाठी नाव घातलेले, त्यांना कुठले आले ग्रंथालय! हे शेपूट कधी उघड बोलून दाखवले जाते, कधी नुसते हसून.

आम्ही वकिली करतो. कोणताही निकाल कानावर आला की साक्षीपुरावा काय झाला, हाच प्रश्न आमच्या मनात आधी येतो. साक्षीदार कोण होते? ज्याच्याविरुद्ध निकाल दिला त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले काय? या प्रकरणात पुरावा शोधायला गेले तर हाती एकच वस्तू लागते, ती म्हणजे ग्रंथालयाच्या दारातली सहीची वही. हल्ली काही ठिकाणी वहीच्या जागी कार्ड दाखवायचे यंत्र आले आहे. नॅकने २०१७ साली मूल्यांकनाचा जो नमुना आणला, त्यात ग्रंथालयाला दररोज किती शिक्षक-विद्यार्थी येतात याची टक्केवारी मागितली गेली. मग काय, समितीची तारीख जवळ आली की वह्या भरू लागतात. दारातून किती डोकी आत गेली एवढेच त्या वहीला माहीत. आत जाऊन त्यांनी काय केले, जे आलेच नाहीत ते कुठे बसून अभ्यास करतात, काय शोधत होते आणि का सापडले नाही, याची नोंद ठेवण्याची सोय त्या वहीत नाही.

इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०११ साली आठ विद्यापीठांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. विद्यार्थ्याने नेलेली पुस्तके, त्याने वापरलेली संगणकीय साधने, दारातून केलेला प्रवेश आणि शेवटी मिळालेली पदवीची श्रेणी यांचा मेळ त्यांनी घातला. पुस्तके नेणे आणि साधने वापरणे यांचा श्रेणीशी संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हे त्या अभ्यासकांनीही मान्य केले. दारातून किती वेळा आत गेला याचा मात्र श्रेणीशी म्हणावा तसा संबंध आढळला नाही. म्हणजे आमच्याकडे ज्या आकड्यासाठी एवढी धावपळ चालते, तोच आकडा तिथे सर्वात मुका ठरला!

मग वाचकाला ओळखायचे कसे? याचे एक उत्तर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने शोधले. त्यांनी नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना नोकरीवर घेतले. मानववंशशास्त्रज्ञ म्हटले की दूरच्या आदिवासी पाड्यावर जाऊन राहणारा अभ्यासक आमच्या डोळ्यांपुढे येतो. इथे अभ्यास करायचा होता तो आपल्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा. प्राध्यापकाने निबंध लिहायला सांगितला त्या दिवसापासून तो सादर होईपर्यंत विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो, एवढाच प्रश्न होता. फॉस्टर आणि सुझन गिबन्स यांनी संपादित केलेला त्याचा अहवाल २००७ साली पुस्तकरूपाने निघाला. ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या विद्यार्थ्यांनी तो मिळवून वाचावाच.

त्यांनी काय केले? विद्यार्थ्यांच्या हाती एकदा वापरून टाकायचे स्वस्त कॅमेरे दिले आणि सोबत एक यादी दिली. तुम्ही पुस्तके ठेवता ती जागा, नेहमी सोबत बाळगता त्या वस्तू, ग्रंथालयात जिथे हरवल्यासारखे वाटते ती जागा, यांची छायाचित्रे काढून आणा. काहींना विद्यापीठाचा नकाशा देऊन दिवसभर कुठून कुठे गेलो आणि किती वाजता गेलो ते त्यावर लिहायला लावले. काहींना मोठ्या कागदावर आपला निबंध कसा तयार झाला त्याचे चित्र काढायला सांगितले. मग ती छायाचित्रे, नकाशे, चित्रे समोर ठेवून विद्यार्थ्यांशी बोलणे झाले. हे काम एकट्या तज्ज्ञ बाईंनी केले नाही. ग्रंथालयातल्याच कर्मचाऱ्यांनी शिकून घेऊन ते केले आणि रात्री वसतिगृहांच्या खोल्यांपर्यंत जाऊन केले.

निघाले काय? विद्यार्थी दिवसभर वर्ग, नोकरी, खेळ, संघटना यांत पळत असतो आणि त्याचा अभ्यास खरा सुरू होतो तो रात्री. मदत करणारा ग्रंथपाल मात्र तोवर घरी गेलेला असतो. मग त्यांनी सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत रात्री उशिरापर्यंत ग्रंथपाल बसवून पाहिले. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचली. निबंध अडला की ती मुले ग्रंथपालाकडे जात नाहीत, घरी फोन करतात. विषय कोणता घेऊ, हे बरोबर लिहिले आहे का, तपासून देता का, असे आई-वडिलांना विचारतात. हे कळल्यावर ग्रंथालयाने नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांना नाश्त्याला बोलावले आणि सांगितले की मुलाचा फोन आला की त्याला आमच्याकडे पाठवा.

आता हेच आमच्या घरांना लावून पाहा. चाळीतला, पाड्यावरचा, वस्तीवरचा मुलगा किंवा मुलगी एम.ए.चा लघुप्रबंध लिहिताना अडली, तर तिने घरी फोन करून काय विचारायचे? आई बिगारी कामावर, बाप सफाई खात्यात, नाहीतर दोघेही ऊसतोडीला. ते पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवतील, फोनवर धीर देतील, पण संदर्भसूची कशी करायची हे सांगणार नाहीत. प्रस्थापितांच्या घरात मामा प्राध्यापक, काका संपादक, आत्या डॉक्टर असते, आणि त्यांच्या मुलांना घरबसल्या मिळणाऱ्या या मदतीला कोणी सवलत म्हणत नाही. या मदतीचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत नसतो. विद्यार्थ्याच्या सवयींचा असा बारीक अभ्यास झाला की ही अदृश्य मदत कागदावर येते, आणि ती ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयाने काय करायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

रोचेस्टर हे खासगी विद्यापीठ. तिथल्या मुलांवरून सगळ्यांचे माप काढता येणार नाही, हे त्या देशातही काहींच्या ध्यानात आले. न्यूयॉर्क शहराचे सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क. तिथे कष्टकऱ्यांची, स्थलांतरितांची, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले मोठ्या संख्येने शिकतात आणि बहुतेक घरून ये-जा करतात. मॉरा स्मेल आणि मारियाना रेगालाडो या दोन ग्रंथपाल महिलांनी २००९ ते २०११ या काळात त्या विद्यापीठाच्या सहा महाविद्यालयांत याच रीतीने अभ्यास केला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या छायाचित्रांत भुयारी रेल्वेचा डबा आला. ही मुले गाडीत बसून, उभी राहून वाचतात. काही जण तर फोनवरच निबंध लिहितात. घरी शांत कोपरा नाही, संगणक एक आणि वापरणारे चार. कॉलेजात संगणक आणि छपाईच्या यंत्रापुढे रांग. तरीही ग्रंथालय त्यांना हवे असते, कारण तिथे आजूबाजूला सगळे अभ्यास करीत असतात.

विरारच्या किंवा कर्जतच्या गाडीच्या दारात नोट्स वाचणाऱ्या पोराला हे सांगायला अमेरिकेतला अहवाल लागत नाही. पण आमच्या पोराने अनुभव सांगितला तर ती कुरकूर ठरते, आणि तोच पद्धतशीर नोंदवला की त्यावर ग्रंथालयाच्या वेळा बदलाव्या लागतात. संशोधनाची ताकद एवढ्यासाठीच लागते.

याच न्यूयॉर्क शहरात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्यांनी अर्धपोटी बैठक मारली, हे आमच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. आपण ते जयंतीच्या भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्यापुढचे फार कोणी सांगत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तिथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा कचेरीत, गिरणीत, बंदरावर राबणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे, तोच घड्याळ असे फिरवतो. विद्यार्थ्याने कॉलेजच्या सोयीने जगावे असे त्यांनी म्हटले नाही. रोचेस्टरच्या ग्रंथपालांनी कॅमेरे वाटून जे शोधले त्याची जातकुळी हीच आहे. बाबासाहेबांना त्यासाठी कॅमेरा लागला नाही, कारण ते त्याच चाळीतून आले होते. आज ग्रंथालयाच्या वेळा ठरवणाऱ्या समितीत चाळीतून आलेले किती जण बसतात?

आता थोडे शिक्षकांविषयी, कारण वाचनाच्या सवयी फक्त विद्यार्थ्यांनाच असतात असे नाही. रोचेस्टरच्या ग्रंथालयाने विद्यार्थ्यांच्या आधी, २००३-०४च्या सुमारास, प्राध्यापकांचा अभ्यास केला होता. आपले शोधनिबंध ग्रंथालयाच्या संगणकीय भांडारात जमा करा असे सांगूनही प्राध्यापक ते करीनात. आळशी म्हणून त्यांना नावे ठेवण्याऐवजी ते काम कसे करतात हे जाऊन पाहिले. तेव्हा कळले की भांडाराची जाहिरात ज्या शब्दांत केली होती ते शब्दच प्राध्यापकांना परके होते. त्यांना हवी होती लेखाची ताजी प्रत सुरक्षित राहण्याची सोय, दूरच्या सहकाऱ्याबरोबर लिहिण्याची सोय, आणि आपल्या विषयातल्या मोजक्या लोकांपर्यंत काम पोहोचण्याची सोय. मग ग्रंथालयाने भाषा आणि रचना बदलली. आमच्याकडे शोधगंगेत प्रबंध जमा करणे ही पीएच.डी.च्या शेवटची एक सक्तीची पायरी झाली आहे. त्यातून संशोधकाला काय हवे होते, हे त्याला कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२००८ ते २०१० या काळात इलिनॉय राज्यातल्या पाच विद्यापीठांनी मिळून असाच अभ्यास केला. त्यातले एक निरीक्षण आमच्या प्राध्यापकांनी आरशासारखे समोर धरावे. शिक्षक गृहीत धरतात की विद्यार्थ्याला शोधता येते. विद्यार्थी गृहीत धरतो की गुगलमध्ये शब्द टाकता आले म्हणजे शोधता आले. आणि ग्रंथपाल नावाचा माणूस नेमके काय काम करतो हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते दाखवणारा, एवढीच त्याची ओळख. तिथे निदान ग्रंथपाल असतो तरी! आमच्याकडे कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे.

आपल्या देशात असे अभ्यास होतच नाहीत असे कोणी म्हणू नये. ग्रंथालयशास्त्रात वाचकांच्या माहिती शोधण्याच्या सवयींवर ढिगाने प्रबंध झाले आहेत, आणि ते शोधगंगेवर पाहायला मिळतात. आमच्या नजरेखालून गेले त्यांतले बहुतेक प्रश्नावलीवर उभे होते. ग्रंथालयात किती वेळा येता? रोज, आठवड्याला, महिन्याला, यांपैकी एकावर खूण करा. समाधानी आहात काय? होय किंवा नाही. साक्षीपुराव्याच्या कायद्यात ज्याला सूचक प्रश्न म्हणतात, म्हणजे उत्तर ज्याच्या पोटात आधीच ठेवलेले असते असा प्रश्न, तो आपल्या साक्षीदाराला सरतपासणीत विचारू देत नाहीत. इथे सगळी तपासणीच सूचक प्रश्नांची. शिवाय उत्तरे देणाऱ्या मुलाला गुण त्याच विभागाकडून मिळायचे असतात. तो 'समाधानी नाही' वर खूण करील काय?

या प्रबंधांत कोष्टके लिंगाप्रमाणे, वयाप्रमाणे, विद्याशाखेप्रमाणे असतात. जातीचा रकाना आम्हाला फारसा दिसला नाही. जात विचारणे वाईट दिसते म्हणे. प्रवेशाच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, वसतिगृहाच्या फलकावर जात लिहिताना कोणाला वाईट वाटत नाही. ती जात ग्रंथालयाच्या खिडकीवर काय करते हे तपासायचे म्हटले की सगळे एकदम जातीच्या पलीकडे जातात!

एकच उदाहरण घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची पुस्तकपेढी योजना होती. वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि पुढे कायद्याच्याही विद्यार्थ्यांना तिचा लाभ मिळू लागला. नियम असा की साधारणपणे दोन विद्यार्थ्यांत पुस्तकांचा एक संच. आता एक मुलगा वसतिगृहात राहतो आणि दुसरा तीस किलोमीटरवरच्या गावाहून एस.टी.ने येतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते पुस्तक कोणाच्या घरी असणार? ते दोघे कसे वाटून घेत होते, पाने फाडत होते की झेरॉक्स काढत होते, की एकाने वाचायचे सोडून दिले होते? योजनेवर किती रुपये खर्च झाले याचे आकडे शासनाच्या अहवालात मिळतात. अर्ध्या संचावर वकील कसा घडतो, हे कुठल्या अहवालात वाचावे?

आता नवी योजना आली आहे. 'एक राष्ट्र एक वर्गणी' या नावाने केंद्र सरकारने २०२४च्या नोव्हेंबरात तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके साधारण ६,३०० सरकारी संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून खुली होऊ लागली. रक्कम लहान नाही आणि हेतूवर आम्हाला शंका घ्यायची नाही. पण सुरुवातीचा लाभ केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनातील संस्थांना आहे, आणि महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालये तर खासगी शिक्षणसंस्था चालवतात. जिथे हा लाभ पोहोचला तिथेही प्रश्न उरतोच. मराठी माध्यमातून आलेला आमचा संशोधक ते इंग्रजी नियतकालिक उघडतो तेव्हा काय होते? सारांश वाचून थांबतो की पुढे जातो? शब्द अडला तर कोणाला विचारतो? ६,००० कोटींतला एक छोटासा वाटा तरी हे पाहण्यासाठी ठेवला असता तर बरे झाले असते. किती लेख उतरवून घेतले एवढाच आकडा पुढे येणार असेल, तर दारातली वही तेवढी संगणकात गेली असे म्हणावे लागेल.

इथे वकील म्हणून एक सावधगिरीचा मुद्दा मांडणे आमचे कर्तव्य आहे. कोण काय वाचतो याची नोंद ही दुधारी वस्तू आहे. अमेरिकेत ५० पैकी ४८ राज्यांत ग्रंथालयातल्या वाचकाची नोंद गुप्त ठेवण्याबाबत कायदे आहेत. तरीही २००५ साली तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने कनेक्टिकट राज्यातल्या ग्रंथालयांकडून वाचकाच्या संगणक-वापराची माहिती मागितली आणि याबद्दल कोणाशी बोलायचे नाही असेही बजावले. चार ग्रंथपाल त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. आमच्याकडे एल्गार परिषदेच्या खटल्यात घरातून जप्त केलेली पुस्तके आणि सीडी पुराव्याच्या यादीत आलेल्या आपण पाहिल्या. त्यातल्या दोघांना जुलै २०२३ मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागले की नुसते साहित्य जवळ बाळगणे म्हणजे दहशतवादाचा गुन्हा होत नाही. तोवर ते दोघे जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आहे. ग्रंथालयाच्या काउंटरवर तो अजून पोहोचायचा आहे.

म्हणून विद्यार्थ्याच्या सवयींचा अभ्यास आणि विद्यार्थ्यावर पाळत यांच्यामधली रेघ आधीच आखून घ्यावी लागेल. रोचेस्टरमध्ये मुलांनी स्वतः छायाचित्रे काढली, स्वतः दाखवली, स्वतः त्यांचा अर्थ सांगितला. कार्डयंत्रातून मुलाच्या नकळत माहिती उपसून ती त्याच्या गुणांशी जोडणे हा वेगळा धंदा आहे, आणि अशा यंत्राचे बोट पहिल्यांदा कोणाकडे वळेल हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आजवर आमच्यावर पुष्कळ संशोधन झाले. कितीतरी जण आमच्या वस्त्यांवर प्रबंध लिहून मोठे झाले. आता नोंदवहीही आमच्या हाती असावी.

आमची सूचना छोटी आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आमच्या संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले होते. त्यांचा दिवस कसा जातो याचा अभ्यास बार्टीनेच करून घ्यावा, आणि तो आमच्यातल्याच ग्रंथालयशास्त्राच्या संशोधकांकडून करून घ्यावा. बार्टी हलेल तेव्हा हलेल, तोवर विहारांतल्या अभ्यासिका आपल्याच आहेत. तथागतांनी 'एहिपस्सिको' म्हटले, म्हणजे ये आणि पाहा. अभ्यासिकेत रात्री अकरा वाजता बसलेल्या मुलांना एक कोरा कागद द्या. सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत कुठे कुठे गेलो, कुठे वाचले, कुठे वाचता आले नाही, कोणाला विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, एवढे लिहू द्या. नाव लिहायला सांगू नका. पंधरा दिवसांचे कागद जमले की मुलांनाच सोबत घेऊन वाचायला बसा, आणि मग विहार समितीने दिवे किती वाजता बंद करायचे ते ठरवावे.